मिनिक्स ३ : ड्रायव्हरला कर्नलच्या बाहेर बसवणारी ऑपरेटिंग सिस्टिम

ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकणाऱ्याने आणि शिकवणाऱ्यानेही मिनिक्स ३ एकदा स्वतःच्या हाताने चालवून बघावी, असं माझं ठाम मत आहे. रोजच्या कामासाठी मात्र ती घेऊ नका. वाय-फाय नाही, आजच्या वेबसाइट उघडतील असा ब्राउझर नाही, बाजारातली बरीचशी कार्डं आणि उपकरणं ती ओळखत नाही. पण कीबोर्डवर दाबलेलं अक्षर प्रोग्रॅमपर्यंत कसं पोचतं, डिस्कवरची फाईल मागितल्यावर कोण कोणाला काय सांगतं, आणि मधला एखादा दुवा तुटला तर पुढे काय होतं, हे इतक्या उघडपणे दाखवणारी दुसरी सिस्टिम मला भेटलेली नाही.

मी सिंधुदुर्गात एका डिप्लोमा कॉलेजात शिकवते. कॉलेज सड्यावर आहे, लॅब वरच्या मजल्यावर, आणि तिथले निम्मे कॉम्प्युटर एका बँकेच्या शाखेने बदलल्यावर आमच्याकडे आलेले. जुने आहेत, पण त्यांना मागच्या बाजूला खरा सिरियल पोर्ट, म्हणजे बाहेरचं उपकरण तारेने जोडायची जुनी सोय, आहे. मिनिक्स ३ ही ३२-बिट इंटेल प्रोसेसरवर चालणारी, थोडक्या मेमरीत भागवणारी सिस्टिम. नव्या लॅपटॉपवर तिची पंचाईत होते, आमच्या या जुन्या मशीनवर मात्र ती छान बसली. बीएसडी परवान्याखाली फुकट मिळते, सोर्स कोड पूर्ण उघडा आहे. मी वापरते ती ३.३.० आवृत्ती, २०१४ सालची. तिच्यानंतरची पक्की आवृत्ती आलीच नाही, हेही विकत न घेता का होईना, निवड करणाऱ्याला आधी माहीत असावं.

आता मुख्य गोष्ट. कर्नल म्हणजे सिस्टिमचा सगळे अधिकार असलेला गाभा, आणि ड्रायव्हर म्हणजे एकेका उपकरणाशी बोलणारा प्रोग्रॅम. लिनक्समध्ये डिस्कचा, नेटवर्क कार्डाचा, कीबोर्डचा ड्रायव्हर कर्नलच्याच आत चालतो. कर्नलला जे अधिकार ते सगळे त्यालाही. त्याने चुकीच्या पत्त्यावर लिहिलं तर अख्खं मशीन कोसळू शकतं. मिनिक्स ३ मध्ये प्रत्येक ड्रायव्हर ही साधी प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅम, आहे. तुमचा एडिटर जसा चालतो तसाच डिस्कचा ड्रायव्हर चालतो, स्वतःच्या मेमरीपुरता, स्वतःच्या प्रोसेस क्रमांकासह. फाईल सिस्टिमही वेगळी प्रोसेस. कर्नलकडे उरतं फार थोडं : कोणाला प्रोसेसर द्यायचा ते ठरवणं, इंटरप्ट (उपकरण प्रोसेसरला देतं ती हाक) झेलणं, आणि एका प्रोसेसचा मेसेज दुसरीकडे पोचवणं. सुरुवातीच्या आवृत्तीचा कर्नल ४,००० ओळींच्या आत मावत होता. एवढा कोड एक शिक्षिका आणि चार हौशी मुलं मिळून एका सत्रात खरोखर वाचू शकतात. लिनक्सच्या कर्नलच्या ओळी लाखांत आणि आता कोटींत मोजतात, तिथे हे शक्यच नाही.

मेसेजची रीत वर्गात सांगताना मी एसटीचं उदाहरण देते. आमच्याकडे गावातून शहरात शिकणाऱ्या पोराला डबा पाठवायचा असेल तर आई थांब्यावर उभी राहते, गाडी आली की डबा कंडक्टरच्या हातात देते, आणि तिकडे पोरगा स्टँडवर हजर असावा लागतो. मध्ये डबा ठेवायला कपाट नाही. मिनिक्समधला साधा मेसेज असाच हातोहात जातो. पाठवणारा तयार आहे पण घेणारा अजून घ्यायला बसलेला नाही, तर पाठवणारा तिथेच थांबून राहतो. घेणारा तयार झाला की कर्नल मेसेज एकाच्या मेमरीतून उचलून दुसऱ्याच्या मेमरीत ठेवतो आणि दोघे आपापल्या वाटेला लागतात. मध्ये रांगा साठवायच्या नसल्यामुळे कर्नलला जागा राखून ठेवावी लागत नाही, ती जागा भरण्याची भीतीही नाही.

मेसेजचा आकार ठरलेला : ६४ बाइट. त्यात कोणी पाठवला, कशाबद्दल आहे, आणि राहिलेल्या ५६ बाइटमध्ये मजकूर. सेंड, रिसीव्ह, आणि दोन्ही एकत्र करणारा सेंडरेक हे मुख्य प्रकार. शिवाय नोटिफाय नावाचा एक हलका प्रकार आहे. त्यात मजकूर नसतो आणि पाठवणारा थांबत नाही, घेणारा तयार नसेल तर कर्नल त्याच्या नावावर एक बिट उभं करून ठेवतो. एकाच ठिकाणाहून दोन नोटिफाय आले तर ते एकच होऊन मिळतात. मुलांना हे पहिल्यांदा खटकतं, एक सूचना हरवली असं वाटतं. पण ‘तुझ्याकडे बघण्यासारखं काही आहे’ एवढंच सांगायचं असेल तर ते दोनदा सांगून काही वाढत नाही. ड्रायव्हरने जाऊन बघितलं की जेवढं साचलंय तेवढं सगळं उचलायचं, ही शिस्त यातूनच लागते.

फाईल वाचण्याचा प्रवास मी फळ्यावर काढते. प्रोग्रॅम रीड म्हणतो. ते मेसेज होऊन व्हीएफएस या, फाईलच्या सगळ्या मागण्या घेणाऱ्या, सर्व्हरकडे जातं. व्हीएफएस बघतो की ही फाईल कोणत्या फाईल सिस्टिमवर आहे आणि तिच्या सर्व्हरला, म्हणजे एमएफएसला, मेसेज करतो. एमएफएसच्या कॅशमध्ये, म्हणजे हाताशी ठेवलेल्या प्रतींमध्ये, तो ब्लॉक असेल तर इथूनच परत. नसेल तर पुढचा मेसेज डिस्कच्या ड्रायव्हरला. आणि इथे माझा आवडता टप्पा येतो. ड्रायव्हर ही साधी प्रोसेस असल्यामुळे तिला डिस्क कंट्रोलरच्या पोर्टवर, म्हणजे त्याला आज्ञा द्यायच्या जागेवर, थेट काही लिहिता येत नाही. ती कर्नललाच मेसेज करते : या या पोर्टवर ही ही मूल्यं लिही. कर्नल आधी तपासतो की या ड्रायव्हरला ते पोर्ट दिलेले आहेत का, मगच लिहितो. मग ड्रायव्हर रिसीव्ह करून बसतो. डिस्कचं काम झालं की इंटरप्ट येतो, कर्नलचा छोटासा सामायिक हँडलर ती लाइन तात्पुरती बंद करतो आणि त्या इंटरप्टचं नोटिफाय करून ड्रायव्हरला देतो. मेसेज ‘हार्डवेअर’ नावाच्या पाठवणाऱ्याकडून आलेला दिसतो. ड्रायव्हर स्थिती तपासतो, इंटरप्टची लाइन पुन्हा चालू करायला सांगतो, आणि उत्तर आल्या वाटेने मागे जायला लागतं.

म्हणजे ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर इंटरप्ट हा मध्येच घुसणारा प्रकार राहत नाही. एक मोठा लूप, वर एक रिसीव्ह, खाली ‘कोणाकडून आलं’ यावर फाटे. एका फाट्यावर फाईल सिस्टिमची मागणी, दुसऱ्यावर हार्डवेअर, तिसऱ्यावर घड्याळ. परीक्षेत इंटरप्ट हँडलरची व्याख्या घोकून लिहिणारी मुलं हा लूप बघितल्यावर स्वतःच्या शब्दांत बोलायला लागतात, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे.

साहजिक शंका येते ती आकाराची. ६४ बाइटच्या मेसेजातून ४ केबीचा ब्लॉक कसा जाणार? जातच नाही. मेसेजात जातो फक्त परवान्याचा क्रमांक. फाईल सिस्टिम म्हणते, माझ्या मेमरीतला एवढा तुकडा, अमक्याच ड्रायव्हरला, फक्त लिहायला. याला ग्रँट म्हणतात. ड्रायव्हर तो क्रमांक दाखवून कर्नलकडून सेफकॉपी करून घेतो. दिलेल्या तुकड्यापेक्षा एक बाइट जास्त लिहायला गेला तर कर्नल नकार देतो. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण मेसेज पासिंगवर लिहिताना बरेच जण सेंड आणि रिसीव्हवर थांबतात आणि खरा डेटा कसा हलतो ते सांगायचंच राहतं.

कीबोर्डची साखळी ३.३.० मध्ये आणखी लांब आहे. कीबोर्ड कंट्रोलरचा ड्रायव्हर वेगळा, त्याच्यावर इनपुट नावाचा सर्व्हर, त्याच्यावर टर्मिनल सांभाळणारा टीटीवाय, मग व्हीएफएस, मग तुमच्या कमांड वाचणारा शेल. शेलने वाचायला मागितलं आणि अजून कोणी काही दाबलेलंच नाही, तर टीटीवाय उत्तर न देता मागणी लिहून ठेवतो. व्हीएफएस तेवढ्यासाठी अडून राहत नाही, दुसऱ्यांची कामं करत राहतो. की दाबली गेली की खालून वर सूचना सरकत येते आणि राहिलेलं उत्तर तेव्हा जातं. हे सगळं पडद्यावर दिसतं! एफ-१ दाबलं की कर्नलचं प्रोसेस टेबल उमटतं, आणि त्यात कोणती प्रोसेस कोणाकडून मेसेज यायची वाट बघत थांबली आहे, ते लिहिलेलं असतं. मी मुलांना आधी कागदावर साखळी काढायला लावते, मग एफ-१ दाबून जुळवायला सांगते. या एका कीसाठी मी या सिस्टिमची ऋणी आहे.

पुढचं प्रात्यक्षिक सगळ्यांचं आवडतं. दोन मशीन केबलने जोडायची, एकावरून मोठी फाईल दुसऱ्यावर उतरवायला लावायची, आणि ती उतरत असताना नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरला किल -९, म्हणजे प्रोसेस तिथल्या तिथे मारायची कमांड, द्यायचं. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, ड्रायव्हर मेलो, पण फाईल अजून येता हा!” थोडी थांबली, आणि मग पुन्हा चालू झाली. रीइन्कार्नेशन सर्व्हर नावाची प्रोसेस सगळ्या ड्रायव्हरवर नजर ठेवून असते. कोणी मेलं तर तिला कळतं, कोणी जिवंत असून उत्तर देत नसेल तरी कळतं, कारण ती ठरावीक वेळाने ‘आहेस ना?’ असं विचारत असते. ती नवी प्रत उठवते आणि नेटवर्क सर्व्हरला नवा पत्ता कळतो. मधल्या वेळात हरवलेली डेटाची पाकिटं टीसीपी हा नेटवर्कचा प्रोटोकॉल पुन्हा पाठवतो, त्याचं तर कामच ते.

डिस्कच्या ड्रायव्हरचं काय, तोच मेला तर त्याची नवी प्रत डिस्कवरून कशी वाचणार? म्हणून त्याची प्रत मेमरीत राखून ठेवलेली असते. हा प्रश्न माझ्याआधी एका मुलीने विचारला होता, आणि उत्तर शोधायला आम्ही दोघी मिळून सोर्समध्ये शिरलो.

पण त्याहून चांगला प्रश्न वेंगुर्ल्याहून येणाऱ्या एका मुलाचा. “मगे प्रिंटर छापताना ड्रायव्हर मेलो, तर अर्धा पान परत छापतला काय?” इथे या सगळ्या रचनेची खरी मर्यादा आहे, आणि ती मिनिक्सपुरती नाही. डिस्कचा ब्लॉक पुन्हा वाचला तरी तोच मिळतो, पुन्हा लिहिला तरी तोच राहतो, म्हणून फाईल सिस्टिम मागणी बिनधास्त पुन्हा पाठवू शकते. प्रिंटरला दिलेलं अक्षर परत घेता येत नाही. ड्रायव्हर मरायच्या आधी ते कागदावर उतरलं होतं की नव्हतं, हे वरच्या कोणालाच ठाऊक नसतं. अशा वेळी सिस्टिम चूक झाल्याचं वर कळवते आणि निर्णय वापरणाऱ्यावर येतो. आवाजाच्या कार्डावर थोडी खरखर होईल, कीबोर्डची एखादी की हरवेल. ड्रायव्हर पुन्हा उठवता येणं वेगळं आणि काम जिथे तुटलं तिथून धरता येणं वेगळं, हा भेद त्या दिवशी वर्गाला जेवढा कळला तेवढा माझ्या कोणत्याही व्याख्यानाने कळला नसता.

ड्रायव्हरच सदोष असेल तर? उदाहरणांमध्ये हॅलो नावाचा एक इवलासा ड्रायव्हर दिलेला आहे. त्याचं उपकरण वाचलं की नमस्काराची एक ओळ मिळते, बाकी काही नाही. त्यात मुद्दाम शून्य पत्त्यावर लिहिणारी ओळ घालायची, सर्व्हिस कमांडने तो चालू करायचा, आणि वाचायचा. तो मरतो, उठतो, पुन्हा वाचलं की पुन्हा मरतो. दर वेळी उठायला आधीपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण सारखा मरणाऱ्याला रीइन्कार्नेशन सर्व्हर वाढत्या अंतराने उठवतो. या काळात शेजारच्या खिडकीत एडिटर चालूच असतो. ज्यांनी लिनक्सचं मॉड्यूल लिहिताना मशीन सारखं बंद-चालू केलंय त्यांना याची किंमत सांगायला नको.

कोणत्या ड्रायव्हरला काय दिलं आहे ते एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं : कोणता इंटरप्ट, कोणते पोर्ट, कोणतं पीसीआय कार्ड, कर्नलच्या कोणत्या सेवा, आणि कोणाकोणाला मेसेज पाठवायची मुभा. नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरला फाईल सिस्टिमशी बोलायचं कारणच नाही, तर त्याच्या यादीत ती नाही. त्याने तरीही मेसेज पाठवायचा प्रयत्न केला तर कर्नल तो अडवतो. सुरक्षिततेवर मी जे काही शिकवते त्यातलं सगळ्यात मुद्देसूद उदाहरण ही फाईल आहे. दोन प्रोसेस एकमेकींना सेंड करून दोघी अडकून पडण्याचा धोकाही मेसेज पासिंगमध्ये कायमचा. कर्नल असं वर्तुळ तयार होताना ओळखतो आणि चूक परत करतो. तरीही मूळ शिस्त रचनेतच हवी : मागणी खालच्या थराकडे सेंडरेकने जावी आणि वरच्या थराला न थांबता, नोटिफायने कळवावं.

आमच्या लॅबमधलं सगळ्यात समाधानाचं काम सिरियल पोर्टवर झालं. आचऱ्याच्या बाजूने येणाऱ्या एका मुलाच्या घरी लाँच आहे. लाँचवरचा जीपीएस बदलला तेव्हा जुना त्याने कॉलेजात आणला. अशी उपकरणं एनएमईए ०१८३ या जुन्या प्रमाणाने बोलतात : ४,८०० बॉडचा, म्हणजे इथे सेकंदाला ४,८०० बिटचा, वेग, डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या साध्या अक्षरांच्या ओळी. पोर्टचा वेग एसटीटीवाय कमांडने बसवला, कॅट कमांडने वाचायला सुरुवात केली, अँटेना खिडकीबाहेर धरला, आणि थोड्या वेळाने अक्षांशाच्या जागी १६ आणि रेखांशाच्या जागी ०७३ ने सुरू होणारे आकडे यायला लागले. आमचाच पत्ता. पण मला त्याहून मोलाचा वाटला तो पुढचा तास. एका अक्षराला दहा बिट, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ४८० अक्षरं. प्रत्येक अक्षराला इंटरप्ट आला तर किती नोटिफाय होतील? एका अक्षराचं नोटिफाय घ्यायच्या आधी दुसरं आलं तर काय? पोर्टच्या चिपमध्ये बफर असेल तर? मुलांनी हिशेब मांडला, कोड उघडला, आणि नोटिफाय एकत्र होण्याबद्दलची ती पहिल्या दिवशीची तक्रार आपोआप मिटली.

इथेच एक दोषही सापडला. सिरियल पोर्टचा कोड आणि पडद्याच्या कन्सोलचा कोड एकाच टीटीवाय प्रोसेसमध्ये आहे. ‘प्रत्येक उपकरणाचा ड्रायव्हर वेगळा’ ही मांडणी इथे ढिली पडते. जीपीएसच्या ओळींमुळे सिरियलच्या भागात काही बिघडलं तर कन्सोलही त्याच्याबरोबर जाणार. जी सिस्टिम वेगळेपणाचा इतका आग्रह धरते तिने हे तोडून ठेवायला हवं होतं.

दुसरी उणीव जास्त गंभीर आहे आणि तिच्याबद्दल वर्गात आवर्जून बोलायला हवं. डिस्क आणि नेटवर्कची कार्डं डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, स्वतःच मेमरीत लिहितात. ड्रायव्हरने कार्डाला चुकीचा पत्ता दिला तर कार्ड सरळ तिथे लिहिणार, प्रोसेसच्या भिंती त्याला अडवत नाहीत. त्यासाठी कार्डाने वापरलेले पत्ते तपासणारा आयओएमएमयू हार्डवेअरमध्येच हवा, आणि आमच्यासारख्या जुन्या मशीनमध्ये तो नसतो. म्हणून ‘ड्रायव्हर काहीही करो, सिस्टिम सुरक्षित’ हे वाक्य मी कोणालाही लिहू देत नाही.

वेगाबद्दल जास्त बोलत नाही. एका वाचनासाठी इतके मेसेज, प्रत्येक मेसेजला एका प्रोसेसमधून दुसरीत उडी, तर वेळ जाणारच, आणि तो जाताना जाणवतो. शिकताना त्याने काही अडत नाही.

विजेचा मुद्दा मात्र आमच्या भागापुरता तरी मोठा आहे. जून लागला की सड्यावर वीज कधी जाईल सांगता येत नाही. एमएफएस ही जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंद, नसलेली फाईल सिस्टिम आहे. लिहिता लिहिता वीज गेली तर पुढच्या वेळी तपासणी चालते आणि कधी कधी फाईल हाती लागत नाही. पावसाळ्यात मी मुलांना प्रत्यक्ष मशीनऐवजी व्हर्च्युअल मशीनवर काम करायला सांगते, आणि लिहिलेला कोड तास संपायच्या आत बाहेर काढून ठेवायला लावते. कोकणातल्या कोणी शिक्षकाने ही सिस्टिम लावायची ठरवली तर यूपीएसची सोय आधी करावी.

थोडा इतिहास, कारण मुलांना वाटतं ही कोणाची तरी अलीकडची कल्पना. उपकरणाशी मेसेजने बोलायचा विचार अर्धशतकाहून जुना आहे. डेन्मार्कमध्ये पेर ब्रिंच हॅन्सेन यांनी आरसी ४००० या कॉम्प्युटरसाठी १९६९ मध्ये जी रचना केली तिच्यात मेसेज पाठवणं, मेसेजची वाट बघणं, उत्तर पाठवणं, उत्तराची वाट बघणं अशा चार क्रिया होत्या, आणि उपकरणांना ‘बाहेरच्या प्रोसेस’ मानून त्यांनाही तसेच मेसेज जात. अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी ॲमस्टरडॅमच्या व्राये (Vrije) विद्यापीठात मिनिक्स तयार केली आणि १९८७ मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकाबरोबर दिली. तेव्हाही ड्रायव्हर मेसेजनेच बोलत, पण कर्नलच्या आत बसून. त्यांना बाहेर काढलं ते २००५ च्या मिनिक्स ३ ने. मधल्या काळात, १९९२ च्या जानेवारीत, टॅनेनबॉम आणि लिनक्स लिहिणारे लिनस टोरवाल्ड्स यांचा जाहीर वाद झाला. टॅनेनबॉम यांचं म्हणणं, सगळं आत घेणाऱ्या एकसंध कर्नलचे दिवस गेले. जग लिनक्सच्या बाजूने गेलं. पण इंटेलच्या चिपसेटमधल्या मॅनेजमेंट इंजिन या छोट्या आतल्या कॉम्प्युटरमध्ये मिनिक्स चालते हे २०१७ मध्ये सगळ्यांना कळलं, आणि एसीएम या कॉम्प्युटर क्षेत्रातल्या संस्थेचा २०२३ चा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिनिक्ससाठी टॅनेनबॉम यांना मिळाला. मला त्या वादात बाजू घ्यायची गरज वाटत नाही. ड्रायव्हरला स्वतंत्र प्रोसेस करण्याचा त्यांचा आग्रह मात्र बरोबर होता असं मला मनापासून वाटतं.

हीच कल्पना रोजच्या धकाधकीत चालणारी बघायची असेल तर क्यूएनएक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बघावी. १९८० पासून कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी, गॉर्डन बेल आणि डॅन डॉज यांनी, उभी केलेली. आता ती ब्लॅकबेरीकडे आहे आणि कोट्यवधी गाड्यांमध्ये चालते. तिथेही ड्रायव्हर बाहेर, तिथेही मेसेज हातोहात, पण मेसेजला ६४ बाइटची मर्यादा नाही आणि मागणाऱ्याची प्रायॉरिटी मेसेजाबरोबर ड्रायव्हरकडे जाते, म्हणजे तातडीच्या प्रोसेसचं काम करताना ड्रायव्हरही तेवढ्याच तातडीने चालतो. मिनिक्समध्ये ही सोय नाही आणि तिची उणीव वेळेवर चालणाऱ्या कामात लगेच कळते. नोव्हेंबर २०२४ पासून क्यूएनएक्स बिगर-व्यापारी वापराला फुकट मिळते आणि रास्पबेरी पाय ४ वर चालते. पण ती उघडून आतला कोड वाचता येत नाही, आणि बर्फाच्या कारखान्यात किंवा आंब्याच्या पॅकिंगला वापरायची म्हटली तर परवाना विकत घ्यावा लागेल. शिकवायला मला मिनिक्सच हवी.

गुण द्यायचेच तर शिकण्यासाठी पाचपैकी पाच, रोजच्या वापरासाठी पाचपैकी एक.

बसवणाऱ्यांसाठी एवढंच. व्हर्च्युअल बॉक्स वापरणार असाल तर नेटवर्क कार्ड इंटेल प्रो/१००० निवडा, त्याचा ड्रायव्हर आहे. बसवून झाल्यावर लगेच स्नॅपशॉट घ्या. सोर्स डिस्कवर घ्यायला विसरू नका, त्याच्याशिवाय या सिस्टिमचा अर्धा उपयोग संपतो. हॅलो ड्रायव्हर झाल्यावर मुलं थेट टीटीवाय उघडतात आणि त्याच्या आकाराला घाबरतात. त्याआधी मेमरीचा ड्रायव्हर वाचायला द्या. रॅम डिस्क, नल, झिरो ही उपकरणं तोच सांभाळतो. त्यात इंटरप्ट नाहीत, खरं हार्डवेअरही नाही, त्यामुळे मागणी आली, ग्रँट तपासली, कॉपी केली, उत्तर दिलं, एवढा सांगाडा मोकळा दिसतो. तो पक्का झाला की कीबोर्डचा ड्रायव्हर घ्या, इंटरप्टचं नोटिफाय तिथे पहिल्यांदा भेटेल. डिस्कचा ड्रायव्हर सगळ्यात शेवटी.